घरकुलासाठी उत्पन्नाची अट : घरात माणसे दोन असोत की आठ, आकडा एकच

घरकुलाचा अर्ज भरायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो उत्पन्नाचा. वर्षाला किती मिळकत? तीन लाखांच्या आत आहे का? या एका आकड्यावर पुढचे सगळे ठरते. सरकारी अनुदान मिळणार, की बँकेच्या कर्जावरची सवलत मिळणार, की हात हलवत परत यायचे, हे त्यावर अवलंबून असते. पण हा आकडा नेमका कुणाच्या कमाईला लावायचा, घरात खाणारी तोंडे किती हे त्यात धरले जाते का, आणि शहरातली अट गावात चालते का, याबाबत बराच गोंधळ दिसतो.

थोडक्यात उत्तर असे : आपल्याकडच्या घरकुल योजनांत कुटुंब लहान असो वा मोठे, उत्पन्नाची मर्यादा बदलत नाही. बदलते ते 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ. त्यामुळे मर्यादा किती आहे यापेक्षा कमाई कुणाकुणाची मोजली जाते, हे आधी समजून घेणे महत्त्वाचे आहे.

शहरी भागासाठी सध्याच्या मर्यादा

शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा, म्हणजे पीएमएवाय शहरी २.०, केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तो लागू झाला. पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांना मदत करणे हे या टप्प्याचे उद्दिष्ट आहे. बेळगाव महापालिका, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी यांसारखी सीमाभागातली शहरे असोत, किंवा पणजी, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद असो, केंद्राने ठरवलेले गट सगळीकडे तेच आहेत.

• आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट (ईडब्ल्यूएस) : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत
• अल्प उत्पन्न गट (एलआयजी) : ३ लाखांच्या वर ते ६ लाखांपर्यंत
• मध्यम उत्पन्न गट (एमआयजी) : ६ लाखांच्या वर ते ९ लाखांपर्यंत

महिन्याच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या गटाची हद्द २५ हजार रुपये, दुसऱ्याची ५० हजार आणि तिसऱ्याची ७५ हजार. पहिल्या टप्प्यात मध्यम उत्पन्न गटाचे दोन भाग होते आणि वरची मर्यादा १८ लाखांपर्यंत गेली होती. आता ती ९ लाखांवर थांबली आहे. त्यामुळे "आमच्या ओळखीच्या एकाला १२ लाख उत्पन्न असताना सबसिडी मिळाली होती" हे जुन्या टप्प्याचे उदाहरण आज लागू पडत नाही.

राज्य सरकारला स्थानिक परिस्थितीनुसार ही मर्यादा बदलून घेता येते, मात्र त्यासाठी केंद्राची मंजुरी लागते. मुंबई महानगर प्रदेशासाठी दुर्बल गटाची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून ६ लाख करण्यात आली, ती याच मार्गाने.

कोणत्या गटाला काय मिळते

दुसऱ्या टप्प्यात मदतीचे चार मार्ग आहेत. पहिला, स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणे. दुसरा, सरकारी किंवा खासगी भागीदारीतल्या प्रकल्पात घर घेणे. तिसरा, परवडणाऱ्या भाड्याचे घर. चौथा, गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान.

यातले पहिले दोन मार्ग फक्त दुर्बल गटासाठी, म्हणजे ३ लाखांच्या आतल्यांसाठी आहेत. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण यांसारख्या राज्यांत केंद्राकडून एका घराला १ लाख ५० हजार रुपये मिळतात. राज्याचा वाटा वेगळा असतो. घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२३ ते ४८४ चौरस फूट असावे लागते.

व्याज अनुदानाचा मार्ग तिन्ही गटांना खुला आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के व्याज अनुदान धरले जाते. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्ज खात्यात जमा होतात. यासाठी घराचे चटई क्षेत्र १२० चौरस मीटरच्या आत असावे लागते आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर झालेले असावे लागते.

कुटुंब म्हणजे नेमके कोण

खरी गोम इथे आहे. योजनेच्या व्याख्येनुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी, अविवाहित मुलगे आणि अविवाहित मुली. बस्स, एवढेच. आई-वडील, लग्न झालेला भाऊ, वहिनी, पुतणे हे एका छपराखाली राहत असले, एका चुलीवर जेवत असले, तरी या योजनेच्या हिशेबात ते वेगळे कुटुंब आहे.

सीमाभागात अजूनही एकत्र कुटुंबे पुष्कळ आहेत. शहापूर, वडगाव, अनगोळमध्ये दोन-तीन भाऊ, त्यांच्या बायका-मुले आणि म्हातारे आई-वडील असा बारा-पंधरा जणांचा गोतावळा एका घरात नांदतो. अशा घरातला धाकटा भाऊ अर्ज करताना सगळ्या भावांची कमाई एकत्र करून सांगतो, बेरीज पाच-सहा लाखांवर जाते आणि "आपण बसत नाही" असे समजून तो परत येतो. प्रत्यक्षात त्याची स्वतःची, बायकोची आणि लग्न न झालेल्या मुलांची कमाई एवढीच मोजायची असते. वडिलांची पेन्शन किंवा थोरल्या भावाचा पगार त्यात धरायचा नसतो.

रेशनकार्डामुळेही घोळ होतो. एका कार्डावर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांची नावे असतात. ते कार्ड धान्यासाठी आहे. घरकुलाचे कुटुंब रेशनकार्डावरून ठरत नाही, ते वरच्या व्याख्येवरून ठरते. तरीही छाननीच्या वेळी अधिकारी रेशनकार्ड पाहतात, म्हणून लग्नानंतर वेगळे कार्ड करून घेतलेले असल्यास पुढची विचारपूस कमी होते.

हीच व्याख्या उलट बाजूनेही लागू होते. घरातला लग्न न झालेला मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली असेल, तर तो पगार आई-वडिलांच्या कुटुंबाच्या उत्पन्नात येतो. मुलाचे लग्न झाले की तो आपोआप वेगळे कुटुंब होतो.

घराची अट आणि २० वर्षांची अट

उत्पन्न मर्यादेत बसले म्हणजे काम झाले असे नाही. या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर असता कामा नये. 'देशात कुठेही' हे शब्द सीमाभागातल्या लोकांनी नीट वाचण्यासारखे आहेत. गोव्यात नोकरी, भाड्याची खोली मडगावात आणि गावचे पक्के घर खानापूर तालुक्यात, अशी स्थिती अनेकांची आहे. गावचे घर नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असेल, तर गोव्यात अर्ज करता येत नाही. ते घर वडिलांच्या नावावर असेल आणि अर्जदार विवाहित असेल, तर ते वडिलांच्या कुटुंबाचे घर ठरते.

दुसरी अट २० वर्षांची. गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. इथेही प्रश्न तोच, लाभ कुणी घेतला? वडिलांना पंधरा वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून घर मिळाले असेल, तर तो लाभ वडिलांच्या कुटुंबाचा. विवाहित मुलगा त्यामुळे आपोआप बाद होत नाही.

माणसे वाढली तरी मर्यादा तीच

आता मूळ मुद्दा. समजा, वडगावात दोन कुटुंबे शेजारी-शेजारी भाड्याने राहतात. दोघांकडेही पक्के घर नाही.

पहिल्या घरात फक्त नवरा-बायको. दोघे मिळून महिन्याला २४ हजार कमावतात. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार. हे कुटुंब दुर्बल गटात बसते.

दुसऱ्या घरात नवरा-बायको आणि शाळेत जाणारी चार मुले, असे सहा जण. नवरा यंत्रमागावर १६ हजार मिळवतो, बायको शिवणकामातून १२ हजार. महिन्याला २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. हे कुटुंब दुर्बल गटातून बाहेर पडते आणि अल्प उत्पन्न गटात जाते.

माणशी हिशेब केला तर पहिल्या घरात दरमहा १२ हजार रुपये पडतात. दुसऱ्या घरात ४ हजार ६६७ रुपये. म्हणजे माणशी कमाई निम्म्याहूनही कमी असलेले घर कागदावर 'श्रीमंत' ठरते आणि दीड लाखाच्या अनुदानाला मुकते. यात कुठे लबाडी नाही, अधिकाऱ्याची चूकही नाही. नियमातच माणसांच्या संख्येला जागा नाही, म्हणून हे घडते.

अमेरिकेत हिशेब कसा होतो

कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार मर्यादा ठरवण्याची पद्धत जगात आहे. तिचे सगळ्यात नेटके उदाहरण अमेरिकेतले. तिथले केंद्रीय गृहनिर्माण व नागरी विकास खाते, ज्याला लोक 'हड' म्हणतात, दरवर्षी प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी आणि ग्रामीण भागातल्या काउंटीसाठी तिथले मध्यम कौटुंबिक उत्पन्न जाहीर करते. मध्यम उत्पन्न म्हणजे सगळी कुटुंबे कमाईच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न. या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत 'अल्प', ५० टक्क्यांपर्यंत 'अति अल्प' असे गट पाडले जातात. त्याखाली 'अत्यंत अल्प' हा गट असतो, तो साधारण ३० टक्क्यांच्या आसपासचा.

ही मर्यादा चार माणसांच्या कुटुंबासाठी धरली जाते. मग माणसांच्या संख्येनुसार ती कमी-जास्त होते. एका माणसाला चौघांच्या मर्यादेच्या ७० टक्के, दोघांना ८०, तिघांना ९०, चौघांना १००. पाच जणांना १०८ टक्के, सहा जणांना ११६, सात जणांना १२४ आणि आठ जणांना १३२ टक्के. त्यापुढे प्रत्येक माणसामागे ८ टक्के वाढ.

यामागचा विचार आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला पटेल असा आहे. एकट्या माणसालाही खोलीभाडे, वीज, गॅस लागतोच, म्हणून त्याची मर्यादा चौघांच्या एक चतुर्थांश नसते. पाचवे मूल आले तर आमटीत पाणी वाढवून भागते, नवी चूल मांडावी लागत नाही, म्हणून चारच्या पुढे वाढ थोडी कमी. पण वाढ आहे.

आता हीच पद्धत आपल्या ३ लाखांना लावून पाहू. ३ लाख ही चार जणांची मर्यादा धरली, तर तक्ता असा होईल.

• १ माणूस : २ लाख १० हजार
• २ माणसे : २ लाख ४० हजार
• ३ माणसे : २ लाख ७० हजार
• ४ माणसे : ३ लाख
• ५ माणसे : ३ लाख २४ हजार
• ६ माणसे : ३ लाख ४८ हजार
• ७ माणसे : ३ लाख ७२ हजार
• ८ माणसे : ३ लाख ९६ हजार

हा तक्ता फक्त समजण्यासाठी आहे, आपल्याकडे तो लागू नाही. पण वडगावच्या त्या दोन घरांचे काय होते ते पाहा. २ लाख ८८ हजार कमावणारे जोडपे २ लाख ४० हजारांच्या वर गेले, म्हणजे बाहेर. ३ लाख ३६ हजार कमावणारे सहा जणांचे कुटुंब ३ लाख ४८ हजारांच्या आत, म्हणजे पात्र. निकाल बरोबर उलटा लागला.

अमेरिकेच्या पद्धतीलाही तिच्या अडचणी आहेत. मर्यादेत बसणाऱ्या सगळ्यांना मदत मिळतेच असे तिथेही नाही, आणि प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षे चालते. शिवाय ती पद्धत चालण्यासाठी प्रत्येक भागातल्या कमाईची दरवर्षी ताजी आकडेवारी लागते. आपल्याकडे बहुतेकांची कमाई रोजंदारी, माग, फेरीचा धंदा, शेती अशी असल्याने एवढा बारीक हिशेब करणे अवघड आहे, आणि सगळ्या देशाला एकच सोपा आकडा लावण्याची सोय त्यामुळेच केली जाते. पण सोय कुणाच्या पदरात काय टाकते, हे वरच्या उदाहरणावरून दिसते.

पाच हजारांचा फरक, पण परिणाम मोठा

एकच सरळ रेषा आखली की तिच्या दोन्ही बाजूंना फार जवळजवळ असलेली कुटुंबे अडकतात. वार्षिक उत्पन्न २ लाख ९९ हजार असलेल्याला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि वर राज्याचा वाटा मिळू शकतो. ३ लाख ४ हजार असलेल्याला हा मार्ग बंद. त्याला व्याज अनुदानाकडे जावे लागते.

व्याज अनुदानाची १ लाख ८० हजार ही रक्कम कागदावर दीड लाखापेक्षा जास्त दिसते. पण ती मिळवायची तर आधी बँकेने कर्ज द्यायला हवे. रोजंदारीवर किंवा मागावर काम करणाऱ्याकडे पगारपत्रक नसते, प्राप्तिकर विवरणपत्र नसते. बँक हप्ता फेडण्याची ऐपत पाहते. त्यामुळे ३ लाखांच्या थोडे वर असलेले, पण बँकेच्या कसोटीला न उतरणारे कुटुंब दोन्हीकडून लोंबकळत राहते. मोठ्या कुटुंबांच्या बाबतीत ही शक्यता जास्त असते. खाणारी माणसे जास्त म्हणून दोघांनाही कामावर जावे लागते, आणि दोघांची कमाई मिळून रेषा ओलांडते.

खेड्यात वेगळाच नियम

ग्रामपंचायत हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) लागू आहे. तिची सुरुवात नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये तिला २०२९ पर्यंत मुदतवाढ देऊन आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये मदत आहे.

इथे कुटुंबाच्या एकूण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा नाही. आधी बेघर किंवा कच्च्या घरात राहणारी कुटुंबे पाहिली जातात आणि मग वगळण्याचे निकष लावले जातात. त्यात उत्पन्नाचा निकष असा आहे : कुटुंबातल्या कोणत्याही एका सदस्याची मासिक कमाई १५ हजारांपेक्षा जास्त असेल तर कुटुंब बाद. पूर्वी ही मर्यादा १० हजार होती, ती २०२४ मध्ये वाढवण्यात आली. बाकीचे निकष असे :

• तीन किंवा चार चाकी मोटार वाहन, किंवा शेतीसाठीचे तीन-चार चाकी यंत्र असणे
• ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे
• घरात सरकारी नोकर असणे
• बिगरशेती व्यवसायाची सरकारकडे नोंदणी असणे
• प्राप्तिकर किंवा व्यवसाय कर भरणे
• अडीच एकर किंवा जास्त बागायत, अथवा पाच एकर किंवा जास्त जिरायत जमीन असणे

दुचाकी असणे हा पूर्वी वगळण्याचा निकष होता, तो आता काढून टाकला आहे. दारात मोटारसायकल आहे म्हणून नाव कापले, असे आता होता कामा नये.

शहरातला आणि खेड्यातला फरक किती मोठा आहे पाहा. खेड्यात चार जण प्रत्येकी १२ हजार कमावत असतील तर घरात ४८ हजार येतात, तरी उत्पन्नाच्या निकषावर ते कुटुंब बाद होत नाही. त्याच गावात एकटा कमावता माणूस १६ हजार मिळवत असेल आणि मागे सहा जण खाणारे असतील, तर ते कुटुंब बाद. शहरात बेरीज पाहतात, खेड्यात एकेकाची कमाई पाहतात. माणसे किती, हे दोन्हीकडे पाहत नाहीत.

शहराला चिकटून असलेल्या गावांनी आपली हद्द कोणती, हे आधी विचारून घ्यावे. ग्रामपंचायत असूनही नगरविकास प्राधिकरणाच्या नियोजन क्षेत्रात येणारी गावे शहरी योजनेत धरली जाऊ शकतात. मात्र एका कुटुंबाला लाभ एकाच योजनेचा.

शेजारच्या महाराष्ट्रात म्हाडाचा हिशेब

कोल्हापूर, सांगलीकडे नातेवाईक असलेल्या सीमाभागातल्या लोकांच्या कानावर म्हाडाचे आकडे येतात आणि तेच इथेही लागू आहेत असा समज होतो. म्हाडाच्या स्वतःच्या सोडतीच्या मर्यादा राज्य सरकारने ठरवलेल्या आहेत. २०२२ च्या सुधारणेनुसार मुंबई महानगर, पुणे महानगर, नागपूर आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत दुर्बल गटाची मर्यादा ६ लाख आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रात साडेचार लाख. म्हाडाचे पुणे मंडळ कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा हे जिल्हे पाहते.

म्हाडात उत्पन्न धरताना अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा पती, या दोघांचीच कमाई मोजली जाते. मुलांची नाही. म्हणजे कमाई कुणाची धरायची याचे हे तिसरे उत्तर झाले. शिवाय म्हाडासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. त्यामुळे म्हाडाचा साडेचार लाखांचा आकडा घेऊन बेळगाव महापालिकेत वाद घालण्यात अर्थ नाही.

दोन ईडब्ल्यूएस, दोन मर्यादा

आणखी एक गोंधळ फार सर्रास होतो. २०१९ मध्ये घटनादुरुस्ती होऊन खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना शिक्षण व नोकरीत १० टक्के आरक्षण मिळाले. त्यालाही ईडब्ल्यूएस म्हणतात आणि त्याची मर्यादा आहे ८ लाख रुपये. घरकुलातल्या ईडब्ल्यूएसची मर्यादा ३ लाख. नाव एक, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आरक्षणाच्या ईडब्ल्यूएसमध्ये कुटुंबात अर्जदाराचे आई-वडील आणि १८ वर्षांखालची भावंडेही धरतात. घरकुलाच्या ईडब्ल्यूएसमध्ये आई-वडील धरत नाहीत. शिवाय घरकुलाचा लाभ कोणत्याही जातीच्या, कोणत्याही प्रवर्गाच्या कुटुंबाला मिळू शकतो. मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी काढलेले ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र घरकुलाच्या अर्जाला जोडून उपयोग नाही, आणि ते प्रमाणपत्र नाही म्हणून घरकुलाचा अर्ज अडतही नाही.

३ लाखांचा आकडा किती जुना

२०१२ मध्ये केंद्राने दुर्बल गटासाठी वार्षिक १ लाख आणि अल्प उत्पन्न गटासाठी २ लाख अशी मर्यादा ठरवली होती. २०१५ मध्ये आवास योजना आली तेव्हा ती अनुक्रमे ३ लाख आणि ६ लाख झाली. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, पण दुर्बल गटाची मर्यादा ३ लाखांवरच राहिली.

या नऊ वर्षांत मजुरी वाढली, तसे भाडे, सिमेंट, सळई, वाळू सगळेच वाढले. २०१५ साली महिन्याला १८ हजार मिळवणारे कुटुंब आज २६ हजार मिळवत असेल, तर त्याची परिस्थिती सुधारली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ३ लाखांची रेषा मात्र त्याने ओलांडली. मर्यादा जागच्या जागी राहिली की दरवर्षी काही कुटुंबे न हलता बाहेर पडतात, ती अशी.

'परवडणारे' घर म्हणजे काय, याची चर्चाही जुनी आहे. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने २००८ मध्ये सुचवले होते की घराचा हप्ता किंवा भाडे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. २५ हजारांच्या ३० टक्के म्हणजे साडेसात हजार. दोन माणसांच्या घरात उरलेल्या साडेसतरा हजारांत महिना निघेल. सहा जणांच्या घरात तेवढ्यात धान्य, शाळा, दवाखाना बसवायचा म्हणजे तारेवरची कसरत.

अर्ज करण्याआधी एवढे तपासावे

पहिले, कुटुंबाची यादी करावी. पती, पत्नी, अविवाहित मुले, एवढीच नावे. या सगळ्यांची आधार कार्डे लागतात.

दुसरे, या यादीतल्या प्रत्येकाची वर्षभराची कमाई मांडावी. पगार, मजुरी, धंदा, शेती, भाडे, पेन्शन सगळे धरावे. महिन्याची रक्कम गुणिले बारा असा सरसकट हिशेब करताना काळजी घ्यावी. मागाला चार महिने काम नसेल तर ते महिने कमाईचे नाहीत, हे दाखला काढताना सांगणे हा अर्जदाराचा हक्क आहे.

तिसरे, उत्पन्नाचा दाखला. कर्नाटकात तो महसूल खात्याकडून, नाडकचेरीतून मिळतो आणि पाच वर्षे चालतो. दाखल्यावरचा आकडा आणि अर्जात भरलेला आकडा एकच असावा. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की छाननीत अर्ज बाजूला पडतो.

चौथे, जागेचा उतारा. स्वतःच्या जागेवर बांधायचे असेल तर जागा अर्जदाराच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर आहे का ते पाहावे. वडिलोपार्जित जागेत सगळ्या भावांची नावे असतील, तर वाटणीचे कागद आधी करून घ्यावेत. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर करण्यावर योजनेचा भर आहे.

पाचवे, उत्पन्न ३ लाखांच्या थोडे वर जात असेल तर कमी दाखवण्याचा मोह टाळावा. खोटी माहिती उघड झाल्यास लाभ रद्द होऊन रक्कम वसूल होऊ शकते. त्यापेक्षा व्याज अनुदान किंवा भाड्याच्या घराचा मार्ग आहे का ते विचारावे. भाड्याच्या घरांची सोय अल्प उत्पन्न गटालाही खुली आहे.

योजनेत विधवा, एकट्या महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याकांना प्राधान्य आहे. सफाई कामगार, फेरीवाले, कारागीर, अंगणवाडी सेविका, बांधकाम मजूर आणि चाळी-झोपडपट्टीत राहणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे असेही म्हटले आहे. या यादीत मोठे कुटुंब हा निकष मात्र कुठेच नाही.

मर्यादा ठरवण्याचे काम केंद्राचे असले, तरी ती बदलून घेण्यासाठी प्रस्ताव पाठवण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि मुंबईच्या बाबतीत तो वापरलाही गेला. माणसांच्या संख्येनुसार मर्यादा कमी-जास्त करावी, निदान पाच आणि त्याहून जास्त माणसांच्या कुटुंबांना थोडी सवलत द्यावी, अशी मागणी महापालिकेच्या सभेतून, आमदार-खासदारांमार्फत करता येते. तोपर्यंत अर्जदाराच्या हाती एकच गोष्ट आहे : आपल्या कुटुंबात नियमाप्रमाणे कोण येते आणि कोण येत नाही, हे अर्ज भरण्याआधी बोटावर मोजून पाहणे.